इगतपुरीचा रतीब

१

सबस्क्रिप्शन म्हणजे काय हे ताईला समजावताना मी रतीब हा शब्द वापरला आणि तोच आमच्या दोघांत रूढ झाला. मी डेटाबेस सांभाळतो. नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका डायलिसिस सेंटरचं काम माझ्याकडे आहे आणि माझी सुवर्णाताई त्याच सेंटरची पेशंट आहे. आठवड्यातून तीनदा मी तिला सिडकोतून स्कूटरवर घेऊन जातो. ती खुर्चीवर चार तास डाव्या हाताला सुया लावून पडते आणि मी शेजारी स्टुलावर बसून लॅपटॉपवर त्याच सेंटरची कामं उरकतो. आपल्या दोघांची ड्यूटी एकच, असं ती म्हणायची, फक्त पगार तुला आणि सुया मला.

रतीब असा. नाशिकच्या मुख्य कॉम्प्युटरवर प्रत्येक पेशंटची क्षणाक्षणाची नोंद होते. रक्तदाब किती, पाणी किती काढलं, सुई कधी लागली, कधी निघाली. हीच नोंद सटाणा आणि ओझरच्या शाखांनाही लागते, कारण पेशंट कधी इकडे येतात, कधी तिकडे जातात. म्हणून शाखेच्या कॉम्प्युटरने आमच्याकडे रतीब लावलेला असतो. इकडे काही बदललं की ते लगेच तिकडे पोचतं. तिकडचा कॉम्प्युटर बंद असेल तर त्याच्या वाटणीचं आम्ही राखून ठेवतो, दूधवाला बंद घराच्या कडीला पिशव्या अडकवत राहतो तसं. फार दिवस कोणी घेतलं नाही की ढीग होतो, जागा संपते आणि मग माझ्या नावाने ओरड सुरू होते.

"आणि रतीब बंद केला तर?" ताईने विचारलं होतं.

"तर उद्यापासून दूध येत नाही."

"आणि आधी आलेलं?"

"ते तुझ्या पातेल्यात. ते कोण परत नेणार?"

ती हसली आणि म्हणाली, बरं आहे, म्हणजे दूध नासेपर्यंत घरातल्यांना कळणारच नाही. असं काहीतरी तिरकं बोलल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आई गेल्यावर शिवणकाम करून तिने मला शिकवलं, स्वतःचं लग्न राहूनच गेलं आणि त्यावरही ती असंच काहीतरी बोलायची. घरात आम्ही दोघंच आहोत. तिला काही झालं तर मी काय करीन हा विचार मी करत नाही, कारण तो केला की मला स्कूटरही धड चालवता येत नाही.

२

आमची इगतपुरीची शाखा मागच्या पावसाळ्यात बंद झाली. भिंतींना बाराही महिने ओल, टेक्निशियन टिकायचे नाहीत, पेशंट थेट नाशिकला यायला लागलेले. सेंटर चालवणाऱ्या डॉक्टरांनी वीज तोडली आणि कुलूप लावलं. जुन्या खुर्च्या आणि डायलिसिसची मशीनं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तिथेच ठेवली. कॉम्प्युटर तेवढा मी स्वतः जाऊन घेऊन आलो आणि त्याची डिस्क काढून घरी कपाटात टाकली.

डिसेंबरात डॉक्टर म्हणाले, इगतपुरीचं नाव अजून सिस्टीमवर दिसतंय, काढून टाक. मलाच लाज वाटली. शाखा बंद करताना तिचा रतीब बंद करायचा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं काम, आणि तेच मी विसरलो होतो. आता इगतपुरीच्या नावावर इतक्या महिन्यांचा ढीग साचला असणार, नाशिकची डिस्क भरत आली असणार, म्हणून मी घाईघाईने बघायला गेलो.

ढीग नव्हता.

इगतपुरीच्या नावापुढे 'चालू' असं होतं आणि शिल्लक काहीच नव्हतं. सटाणा नेहमीप्रमाणे मागे पडलेलं होतं. ओझर थोडंसं मागे. इगतपुरी मात्र आलेली प्रत्येक नोंद हातोहात उचलत होती. ज्या घराला कुलूप आहे, त्या घरातून कोणीतरी रोज पिशवी आत घेत होतं.

मी घाबरलो वगैरे नाही. मला राग आला. असल्या गोष्टींच्या मागे नेहमी एखादा आळशी माणूस असतो आणि बहुतेक वेळा तो मीच असतो. ओझरचा कॉम्प्युटर बसवताना मी इगतपुरीच्याच सेटिंगची नक्कल वापरली होती. तेव्हा ओझरच दोन नावांनी घेत असेल, असं मी ठरवलं. ओझरला फोन करून पेशंट नसताना कॉम्प्युटर बंद करायला लावला. ओझर थांबलं. इगतपुरी चालूच राहिली. घरी जाऊन कपाट उघडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली डिस्क जिथे ठेवली होती तिथेच होती.

३

डायलिसिसच्या खोलीत बोलण्यासारखं फार काही नसतं. पाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटची घरघर, एसीचा गारवा, पायांवर घोंगड्या, आणि मधूनमधून कुठल्यातरी मशीनचा अलार्म. अलार्म वाजला की टेक्निशियनने येऊन बघायचं असतं. पण ताईसारखे जुने पेशंट स्वतःच उजवा हात अंगावरून पलीकडे नेऊन डाव्या बाजूच्या मशीनचं आवाज बंद करायचं बटण दाबतात. डोळे न उघडता दाबतात. आवाज तात्पुरता थांबतो आणि कोणी बघितलं नाही तर पुन्हा सुरू होतो. आमची टेक्निशियन निकिता यावरून सगळ्यांना रागावते. मला कशासाठी ठेवलंय मग, असं विचारते. ताई तिला म्हणते की तू येईपर्यंत माझं डोकं उठतं गं.

त्या दिवशी ताईला डोळा लागला होता. जागी झाल्यावर तिने मला विचारलं, की इथे रेल्वेचा आवाज कसा येतो. मी म्हणालो, मुंबई नाक्यावर रेल्वे कुठून आणू. ती म्हणाली, "येतो रे. गाडी थांबते. मग बराच वेळ नुसतीच उभी असते. मग निघते." आणि स्वतःची बोटं बघत राहिली.

"आणि या खुर्चीचा हात फाटलाय ना," ती म्हणाली, "आतला फोम बाहेर आलाय. फाटकं दिसलं की माझा हात जातोच. किती कुरतडला मी आज."

खुर्ची नवी होती. तिचा हात कुठेही फाटलेला नव्हता. मी तिला तो दाखवला. तिने त्यावरून पुन्हापुन्हा अंगठा फिरवला.

शेजारच्या खुर्चीवर दत्तू आप्पा होते, ओझरकडचे द्राक्षबागायतदार, बोलायला एकदम मोकळे. ते मान न वळवता म्हणाले, "ही न्हाय. तिकडची. तिकडं तुझी ताई माझ्या समोर असती. हिरव्या खिडकीखाली. लय गार हाय तिथं."

मी निकिताकडे बघितलं. ती म्हणाली, रक्तदाब उतरला की पेशंट काहीही बरळतात, मनावर घेऊ नका. ते खरंच आहे. मी मनावर घेतलं नाही. फक्त इगतपुरीच्या त्या खोलीची खिडकी हिरव्या रंगाची होती, ती मी कॉम्प्युटर आणायला गेलो तेव्हा बघितली होती आणि ताई कधीच तिथे गेली नव्हती.

४

रतीब बंद करण्याची साधी रीत म्हणजे जो घेतो त्याच्याकडून बंद करायचा. घेणाराच जागेवर नसेल तर देणाऱ्याच्या बाजूने कापावा लागतो. आधी जोडणी तोडायची, मग नाव पुसायचं. जोडणी चालू असताना नाव पुसता येत नाही, सिस्टीम नकार देते.

पुढच्या वेळी ताईच्या शेजारी बसूनच मी जोडणी तोडली. बोट उचलायच्या आत ती पुन्हा जोडलेली दिसली. पुन्हा तोडली. पुन्हा जोडली गेली. कॉम्प्युटर आपोआप पुन्हा जोडणी करतात हे मला ठाऊक आहे, पण त्यांना थोडा वेळ लागतो. इथे तो लागत नव्हता. दार लावायच्या आत कोणीतरी फटीत हात घालत होतं. कुठून जोडतंय ते बघावं म्हणून मी पत्ता बघितला. पत्त्याची जागा रिकामी होती.

मला चीड आली. मी तिसऱ्यांदा तोडली आणि त्याच क्षणी नाव पुसायचा हुकूम दिला.

ताई ओरडली.

झोपेतच ओरडली. तिचं अंग खुर्चीवरून उचललं गेल्यासारखं झालं, मशीन वाजायला लागलं, निकिता धावत आली. रक्तदाब एकदम खाली गेला होता. खुर्ची मागे झुकवून, पाय वर करून, सलाईन सोडून तिने ताईला सावरलं. लॅपटॉपवर नकार आलेला होता. इगतपुरी: चालू.

योगायोग असतो. रक्तदाब रोज कोणाचा ना कोणाचा उतरतो आणि मी रोज काही ना काही तोडत-जोडत असतो. हे मी स्वतःला पुन्हापुन्हा सांगितलं. पण यापुढे ताईच्या हाताला सुया असताना इगतपुरीला हात लावायचा नाही, हेही ठरवून टाकलं. एक उपाय शिल्लक होता. शाखा ज्या पासवर्डने जोडतात तोच बदलायचा, म्हणजे पुन्हा जोडताच येणार नाही. तो पासवर्ड सगळ्या शाखांना एकच होता, म्हणजे सटाणा आणि ओझरही थांबणार. तेव्हा हे शिफ्ट सुटल्यावरच करायचं. सगळ्या सुया निघाल्यावर.

५

तरी डोळ्यांनी बघून यावं म्हणून मी इगतपुरीला गेलो. ताईला खुर्चीवर बसवलं, निकिताला लक्ष ठेवायला सांगितलं आणि मुंबई हायवेला लागलो. घोटीच्या पुढे धुकं होतं, भर दुपारचं.

किल्ली चिमणाबाईकडे असते. ती सेंटरच्या मागच्या वस्तीत राहते आणि आतली झाडलोट करते. मी म्हणालो, बंद जागेत रोज झाडायला काय असतं. ती म्हणाली, "कचरा पडतो ना. त्या कापसासारखा. आज झाडला की उद्या परत हाय." उंदीर असतील, मी म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उंदीर बटनं दाबित न्हाय, साहेब." मग कुलूप काढून ती बाहेरच उभी राहिली.

आत ओलीचा वास होता. खिडकीतून आलेला उजेड हिरवट दिसत होता. खुर्च्या भिंतीला लावून ओळीने ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डाव्या बाजूला एकेक मशीन. सगळ्यांच्या वायरी गुंडाळून वर ठेवलेल्या. मी भिंतीवरचा दिव्याचा खटका दाबून बघितला. वीज नव्हती. कॉम्प्युटरच्या टेबलावर धुळीत कॉम्प्युटरच्या आकाराचा चौकोन उरला होता, बाकी काही नव्हतं.

खिडकीखालच्या खुर्चीचा उजवा हात फाटलेला होता. आतला फोम कुरतडलेला होता, आणि खाली फरशीवर त्याचे बारीक पिवळे कण पडले होते. त्या खुर्चीच्या मशीनवर इतरांइतकीच धूळ होती. बटणांवर धूळ, पडद्यावर धूळ. आवाज बंद करायचं बटण मात्र स्वच्छ होतं. रोज बोट लागून गुळगुळीत होतं तसं.

मी निकिताला फोन लावला. ताई काय करतेय, विचारलं. झोपल्यात गाढ, ती म्हणाली. उजवा हात बघ, मी म्हणालो. ती बघून म्हणाली की बोटं हलताहेत, काहीतरी खुडल्यासारखी.

माझ्यासमोर फोमचा एक तुकडा सुटला आणि फरशीवर पडला.

लांब कुठेतरी घाटात उतरणारी रेल्वेगाडी थांबली होती. तिचा आवाज येईना, पण ती उभी आहे हे कळत होतं. खुर्चीच्या रेक्झिनला मधोमध खळगा होता. रिकाम्या खुर्चीला जितका असावा त्यापेक्षा तो खोल होता. मी त्याच्याकडे नीट बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. टेबलाकडे तोंड करून बाहेर आलो, चिमणाबाईला कुलूप लावायला सांगितलं आणि माझा नंबर तिला दिला. काही वेगळं वाटलं तर फोन करा, म्हणालो. वेगळं म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही.

६

सेंटरला पोचलो तेव्हा ताईच्या सुया काढून झाल्या होत्या. ती कॉटवर बसून होती, हातावर पट्टी, चेहरा उतरलेला. निकिता मला बाजूला घेऊन म्हणाली की ताईंना जागं करायला आज फार वेळ लागला. गेल्या वेळीही लागला होता. दर वेळी जास्तच लागतोय, डॉक्टरांशी बोलून घ्या. तपासण्या तर सगळ्या ठीक होत्या.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "तू आला होतास ना तिकडे."

मी कुठे, असं विचारलं.

"टेबलाशी उभा होतास. फोनवर बोलत होतास. मी तुला हाक मारली, महेश, महेश. तू माझ्याकडे न बघता निघून गेलास." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच मला ते सोसलं नाही. मी स्वयंपाकघरात गेलो, नळ सोडला आणि तसाच उभा राहिलो. मी भ्यालो होतो. कोणाला सांगण्यासारखं ते नव्हतं आणि मी कशाला भितोय हे मला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. एवढं कळत होतं की त्या खोलीत ताईचं काहीतरी रोज पोचतंय, आणि ते मीच पोचवतोय. माझ्याच कॉम्प्युटरवरून, माझ्याच विसरलेल्या रतिबाने.

पुढच्या खेपेला, सुया निघाल्या की लगेच, तो बंद करायचा. मग काही जायला नको आणि काही यायला नको.

७

त्या दिवशी सगळं तयार ठेवून मी स्टुलावर बसलो. हुकूम लिहून ठेवलेले होते, फक्त पाठवायचे बाकी होते. दत्तू आप्पांच्या पायांत गोळे आले म्हणून निकिताने त्यांच्या सुया लवकरच काढल्या. ते कण्हत उठले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. ताईचा थोडाच वेळ उरला होता.

निकिता तिला उठवायला आली. ताई, उठा. तिने खांदा हलवला. मग गालावर थोपटलं. मग छातीच्या हाडावर मूठ घासली, तशी घासली की कोणीही जागं होतं. ताई जागी झाली नाही. मशीन वाजायला लागलं. रक्तदाब उतरत होता. निकिताने सलाईन पूर्ण सोडलं आणि डॉक्टरांना फोन लावला. ते निघाले होते, पण द्वारका चौकात अडकले होते. पडद्यावरचा आकडा आणखी उतरला. ताईचा उजवा हात घोंगडीवर कुरतडत होता, शांतपणे, जणू तिला कसलीच घाई नव्हती.

सुया निघाल्याशिवाय हात लावायचा नाही, हे माझ्या डोक्यात होतं. नक्की होतं. पण समोर ती जात होती.

मी पासवर्ड बदलला. जोडणी तोडली. या वेळी ती पुन्हा जोडली गेली नाही. मी नाव पुसलं. सिस्टीमने मुकाट्याने पुसलं. यादीत सटाणा आणि ओझर, दोघंही थांबलेले, एवढंच उरलं.

ताईने डोळे उघडले.

"काय झालं?" ती म्हणाली. "एवढे का जमलात?"

मला रडू आलं. निकिताही हसत डोळे पुसत होती. तिने आकडा स्थिर होऊ दिला, मग सुया काढल्या, पट्टी बांधली, आणि रोजच्यासारखं पडद्यावर 'समाप्त' दाबलं. मी सटाणा आणि ओझरला नवा पासवर्ड दिला. ते दोघं पुन्हा जोडले गेले आणि साचलेलं घ्यायला लागले. ताईची नोंद त्यांच्याकडे गेली: सुया काढल्या, समाप्त.

इगतपुरीला ती गेली नाही. जाणार कशी? तिकडे शेवटची नोंद पोचली होती ती सुया हातात असतानाची. ताईच्या नावापुढे 'चालू' असं असणार, आणि ते आता बदलायला कोणी नव्हतं.

८

ताई बरी आहे. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट पूर्वीपेक्षा चांगले आहेत. खुर्चीवर आता तिला झोप लागत नाही, चार तास टक्क जागी असते. रेल्वेबद्दल बोलत नाही. तिरकंही बोलत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तिने पट्टी सोडून डावा हात मला दाखवला आणि विचारलं की सुया निघाल्यात ना. मी निघाल्यात म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मग विचारायची बंद झाली. पण डावा हात ती आता वाकवत नाही. सुई हलू नये म्हणून पेशंट जसा सरळ ठेवतात, तसाच ठेवते, जेवताना, झोपताना. शिलाई मशीनवर कापड टाकून ठेवलंय.

दत्तू आप्पांना मी सेंटरच्या बाहेर गाठलं आणि सरळ विचारलं. त्यांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली. "मला त्या दिवशी आधीच सोडवलं ना," ते म्हणाले. "मी न्हाय गेलो परत. पण तिला कुणी सोडवलं न्हाय, महेशभाऊ. मी उठलो तवा ती तिथंच होती." मग त्यांची गाडी आली आणि ते निघून गेले.

मी रतीब परत सुरू करायचा प्रयत्न केला. कपाटातली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, इगतपुरी हेच नाव दिलं. जोडणी झाली. पण ती माझ्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरशी झाली, दुसऱ्या कोणाशी नाही. मी वाट बघत बसलो की कोणीतरी मधे हात घालील. कोणी घातला नाही. रतीब घेणाऱ्याने मागावा लागतो आणि तिकडून आता कोणी मागत नव्हतं. इगतपुरीलाही दोनदा जाऊन आलो. खुर्ची आहे, फोम आहे, बटण आहे. मी त्या खुर्चीजवळ बसून ताईला हाका मारल्या. मशीनची सगळी बटणं दाबली. वीज नसलेल्या मशीनवर 'समाप्त' कसं करायचं, हे मला माहीत नाही, आणि निकिताला विचारायचं धाडस होत नाही.

आज सकाळी ताई माझ्यासमोर बसून चहा घेत होती. मोजून दिलेला अर्धा कप, तिला पाणी मोजूनच प्यावं लागतं. तेवढ्यात चिमणाबाईचा फोन आला.

ती म्हणाली, "साहेब, आतलं मशीन वाजतंय. कालपासनं. थांबतं न् परत वाजतं. शेजारची बायामाणसं भ्याली."

मी म्हणालो, वीजच नाही तिथे.

"ऐका ना," ती म्हणाली आणि तिने फोन खिडकीपाशी नेला असावा. वारा आला, मग आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखीन. चार तास पूर्ण झाले, पेशंटला सोडवा, असं सांगणारा अलार्म. फोन मी कानाशी घट्ट धरलेला होता, समोर बसलेल्या माणसाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

ताईने कप खाली ठेवला. ती खिडकीबाहेर बघत होती, मनात काही दुसरंच असावं. तिचा उजवा हात अंगावरून पलीकडे गेला, डाव्या बाजूला, जिथे काही नव्हतं, आणि तर्जनीने तिने हवेत एकदा दाबलं.

फोनमधला आवाज थांबला.

"थांबलं," चिमणाबाई म्हणाली.

ताईने कप पुन्हा उचलला, एक घोट घेतला. मी तिच्या त्या हाताकडे बघत फोन कानाला लावून बसून राहिलो. थोड्या वेळाने पलीकडे पुन्हा वाजायला लागलं आणि ताईने कप खाली ठेवला.